तारेवरची जागा कुणाची?

दिवाळीच्या अंकात माणसाने चकलीवर लिहावे, आकाशकंदिलावर लिहावे, फार तर लहानपणी अंगणात केलेल्या किल्ल्यावर लिहावे. विजेच्या तारांवर आणि गल्लीच्या तोंडाशी गुरगुरत उभ्या असलेल्या डीपीवर लिहू नये, असा एक संकेत आहे. तो मोडल्याबद्दल वाचकांनी मला क्षमा करावी. परंतु माझी तक्रार चकलीच्या भाजणीपासूनच सुरू होते, आणि तिच्यात ज्यांच्यावर अन्याय झाला आहे त्या बाई आमच्या सबंध गल्लीची भाजणी दळतात. तेव्हा विषय अगदीच सणाबाहेरचा नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला, माझ्या घराच्या दोन घरे अलीकडे, काकूंची पिठाची गिरणी आहे. साडेसात अश्वशक्तीची मोटर, पुढे गिरणी आणि मागे दोन खोल्यांचे बिऱ्हाड. यजमान गेल्यावर पट्टा चढवायला, दगडाला टाकी लावायला काकू स्वतः शिकल्या आणि त्या पट्ट्याच्या जोरावर त्यांनी दोन मुलींची लग्ने केली. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्र सरकारने एक कोटी घरांच्या छपरांवर सूर्याची वीज तयार करण्याची योजना जाहीर केली. ती बातमी गल्लीत प्रथम वाचून दाखवली ती मीच, आणि तीही काकूंच्या ओट्यावर बसून. दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटमागे ३०,००० रुपये सरकार देणार. तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठा संच असेल तर एकूण ७८,००० रुपये. काकूंनी पिठाचे हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "मास्तर, गिरणीचं मीटर वेगळं आहे, ते राहू द्या. घरावर दोन किलोवॅट बसवते. म्हातारपणी बिलासाठी जावयांच्या तोंडाकडे बघायला नको."

मी त्याच वर्षी छपरावर तीन किलोवॅटच्या प्लेटा बसवल्या. काकूंना भिशी लागेपर्यंत सहा महिने थांबावे लागले. त्या सहा महिन्यांतच सारे घडले. त्यांनी अर्ज केला, मंजुरीचा कागद आला, प्लेटा छपरावर चढल्या, आणि त्यानंतर काहीच झाले नाही. विजेची आवकजावक मोजणारा नवा मीटर काही येईना. वीज कार्यालयात आम्ही दोघे गेलो. तेथील साहेबांनी आमच्याकडे न पाहता, समोरच्या यंत्राच्या पडद्याकडे पाहत सांगितले, "तुमच्या डीपीवर जागा नाही. मोठी डीपी मंजूर झाली की बघू."

"किती जागा होती आणि किती उरली?" मी विचारले.

"संपली," साहेब म्हणाले.

"मोजली कुणी?"

या प्रश्नावर त्यांनी प्रथमच माझ्याकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असा प्रश्न असू शकतो याचे खरेखुरे आश्चर्य होते. माझे भांडण त्या आश्चर्याशी आहे.

मी इंजिनियर नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलेले नाही. पण त्रैराशिक मला येते, आणि या प्रकरणाला त्रैराशिकापेक्षा फारसे अधिक काही लागत नाही. आमची डीपी, म्हणजे कागदोपत्री ज्याला रोहित्र म्हणतात ते, १०० केव्हीएचे आहे. ढोबळ मानाने १०० किलोवॅट म्हणू. तिच्यावर साठ घरे आहेत. आपल्या राज्याच्या वीज नियामक आयोगाने २०१५ च्या नियमांत असे ठरवले होते की, एका रोहित्रावर छपरांवरच्या संचांची एकूण क्षमता त्या रोहित्राच्या ४० टक्क्यांपर्यंत असावी. २०१९ मध्ये ही मर्यादा ७० टक्के झाली. म्हणजे आमच्या वाट्याला ७० किलोवॅट आले. गल्लीच्या तोंडाशी चार बंगले आहेत. त्यांनी प्रत्येकी १० किलोवॅटचे संच बसवले, झाले ४०. मग आम्ही दहा मध्यमवर्गीयांनी प्रत्येकी ३ किलोवॅट बसवले, झाले ३०. चाळीस आणि तीस सत्तर. चौदा घरांत गल्लीचा सारा वाटा संपला, आणि उरलेल्या सेहेचाळीस घरांच्या वतीने पहिला नकार काकूंनी घेतला. चौदावा मी होतो. पंधराव्या काकू.

यात कोणी कायदा मोडला नाही. बंगलेवाल्यांनी मोडला नाही, मी मोडला नाही, साहेबांनीही मोडला नाही. सगळे नियमाने झाले आणि तरी अन्याय झाला. तेव्हा दोष नियमात शोधला पाहिजे.

आता या नियमांचीच गंमत पाहा. २०२४ च्या फेब्रुवारीतच केंद्र सरकारने वीजग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली. तिच्याप्रमाणे १० किलोवॅटपर्यंतचा अर्ज कोणत्याही तांत्रिक तपासणीवाचून मंजूर झाला असे समजायचे. ५ किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी तारा किंवा रोहित्र बळकट करावे लागले तर तो खर्च वीज कंपनीने सोसायचा. हेतू उत्तम आहे. कारकुनाच्या टेबलावर महिनोन् महिने पडणारे कागद त्यामुळे हलले, याचे श्रेय त्या दुरुस्तीला दिलेच पाहिजे. परंतु मंजुरी "समजल्याने" तार जाड होत नाही. काकूंच्या हातात मंजुरीचा कागद आहे आणि छपरावर धूळ खाणाऱ्या प्लेटा आहेत. एक नियम तारेकडे न पाहता "हो" म्हणतो, दुसरा तारेकडे न पाहता "नाही" म्हणतो, आणि या दोघांच्या मध्ये एक विधवा बाई मीटरची वाट पाहत उभी आहे. वस्तुतः त्या दुसऱ्या नियमात एक खिडकी ठेवलेली आहे: भाराचा सविस्तर अभ्यास करून ठरलेल्या टक्क्यांपलीकडेही परवानगी देता येते. पण अभ्यास करायचा म्हणजे खांबापर्यंत चालत जायला हवे. टक्केवारीचे सुख असे की ती खुर्चीत बसून सांगता येते.

तारेवर जागा असते म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे. ही काही थोतांडी कल्पना नव्हे. घरच्या विजेचा दाब २३० व्होल्टच्या आसपास असावा लागतो. तार ही कालव्याच्या पाटासारखी आहे. मुळाशी दाब चांगला, आणि वाटेत घरे वीज ओढत जातील तसा शेपटाकडे तो उतरत जातो. माझे घर शेपटाचे. पूर्वी संध्याकाळी सात वाजता, सगळ्या गल्लीचे दिवे आणि शेगड्या चालू झाल्या की, माझी ट्यूब लुकलुकायची आणि मुले वही घेऊन दाराशी जायची. शेपटाच्या घरांना थोडेतरी मिळावे म्हणून वीजवाले मुळाशीच दाब चढता ठेवतात. शतकभर हे बरोबर होते, कारण वीज नेहमी एकाच दिशेने वाहत होती. १९१५ मध्ये खोपोलीहून ती मुंबईच्या कापडगिरण्यांकडे वाहिली, साठीच्या दशकात कोयनेहून साऱ्या महाराष्ट्राकडे वाहिली. डोंगरातून खाली, मोठ्या तारेतून लहान तारेत, आणि अखेरीस आमच्या घरातल्या बटनापर्यंत. बटनाकडून वर वीज जाईल असे ती तार ओढणाऱ्याच्या स्वप्नातही नव्हते.

आता भर दुपारी छपरावर वीज तयार होते. घरात माणूस नाही, दोन पंखे आणि एक फ्रीज चालू. उरलेली वीज तारेत ढकलायची, तर ढकलणाऱ्याचा दाब तारेतल्या दाबाहून किंचित अधिक हवा. मुळाशी दाब आधीच चढा, त्यात चौदा छपरे ढकलताहेत. शेपटाच्या घराला सगळ्यांच्या वर ढकलावे लागते. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१३ च्या मानकांप्रमाणे दाब ठरलेल्याच्या ११० टक्क्यांपलीकडे, म्हणजे २३० च्या हिशेबाने २५३ व्होल्टच्या वर गेला, की छपरावरचा संच दोन सेकंदांत तारेपासून सुटला पाहिजे. हा नियम योग्यच आहे. नाही तर शेजाऱ्याचा फ्रीज जळायचा. त्याप्रमाणे माझा इन्व्हर्टर रोज बारा वाजले की मुकाट्याने सुटायचा आणि दोन-अडीचला परत जोडला जायचा. म्हणजे रात्री तहानलेल्या तारेचा त्रास जसा शेपटाला, तसाच दुपारी तुंबलेल्या तारेचा त्रासही शेपटालाच. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बंगल्यांना यातले काहीच जाणवत नाही.

लक्षात घ्या: अडचण आली ती तारेच्या शेपटाला, दाबाची. नियम मोजतो ते रोहित्राचे टक्के. पायलीने कापड मोजण्यासारखाच हा प्रकार झाला.

हे मला कसे कळले तर दिवाळीमुळे. प्लेटा बसवल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीत, वसुबारसेच्या आधीचा सबंध आठवडा, माझा इन्व्हर्टर एकदाही सुटला नाही. ऊन तेच, आभाळ निरभ्र, पावसाने प्लेटा धुऊन काढलेल्या. उलट तो अधिक वेळा सुटायला हवा होता. मी बुचकळ्यात पडलो. चौथ्या दिवशी भाजणीचा डबा घेऊन गिरणीत गेलो तर रांग ओट्याच्या खाली आलेली. चकलीची भाजणी, अनारशाचे पीठ, लाडवाचे बेसन. काकू म्हणाल्या, "सकाळी अकरापासून पट्टा थांबलेला नाही, मास्तर." डबा हातात धरून मी तसाच उभा राहिलो. साडेसात अश्वशक्ती म्हणजे साडेपाच किलोवॅट. आम्ही चौदा जणांनी तारेत ढकललेली वीज तारेच्या शेपटाशीच काकू खाऊन टाकत होत्या आणि दाब खाली बसत होता. ज्या बाईला जागा नाही म्हणून सांगितले होते, ती बाई आमच्यासाठी जागा करीत होती.

नंतर मी आमच्या वायरमनला गाठले. हा मनुष्य माझा जुना विद्यार्थी; त्रैराशिकात कच्चा होता, पण हाताने पक्का. त्याने वरिष्ठांना तोंडी विचारले आणि एका रविवारी भर बारा वाजता, म्हणजे ऊन सर्वांत अधिक आणि मागणी सर्वांत कमी अशा वेळी, टाँग टेस्टर घेऊन तो डीपीपाशी आला. त्या डीपीची ताकद दर फेजला सुमारे १३९ अँपियरची. मागे फिरणारा प्रवाह निघाला एका फेजवर ८३, दुसऱ्यावर ३५ आणि तिसऱ्यावर २६. "भरलेली" डीपी ती हीच! वायरमनने मान खाजवली आणि खांबावर चढून पाहिले. आम्हा दहा लहान संचांपैकी सात एकाच फेजवर जोडलेले होते, कारण जोडणाऱ्याला शिडीवरून तीच तार हाताशी येत होती. त्याने तीन घरे त्या फेजवरून काढून दुसऱ्या दोन फेजांवर टाकली. आकडे झाले ५४, ४५ आणि ४५. माझ्या घरचा दुपारचा दाब २५५ वरून २४९ वर उतरला. शिडी, पकड आणि दीड तास, एवढाच खर्च. वर चहा काकूंनी दिला. काकूंचे दोन किलोवॅट भर दुपारी त्या तारेवर आणखी सहा-सात अँपियर घालणार, तेही एकाच फेजवर. त्यांची गिरणी चालू असली तर त्याहून अधिक प्रत्येक फेजवरून ओढून घेणार.

एवढे पुरावे घेऊन मी कार्यालयात गेलो. उत्तर तेच. पडद्यावर बेरीज सत्तर दिसत होती, आणि सत्तर म्हणजे पूर्ण. टाँग टेस्टरचा आकडा घालायला त्या पडद्यावर रकाना नव्हता.

कोणी म्हणेल, एका गल्लीच्या रडगाण्यावरून एवढा आरडाओरडा कशाला? पण हे दुखणे आमच्याच गल्लीत प्रथम उपटलेले नाही. पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर वीज महाग आणि ऊन मुबलक. म्हणून तेथील लोकांनी आपल्या कितीतरी आधी छपरे भरून टाकली. २०१३ च्या सप्टेंबरात तेथील वीज कंपनीने सांगितले की, आमच्या परवानगीवाचून कोणी संच जोडू नये. ज्या तारांवर दुपारच्या किमान मागणीच्या मानाने सूर्याची वीज फार झाली आहे, त्यांचा आधी अभ्यास होईल. हजारो घरे ताटकळली. कंपनीची भीती खोटी नव्हती: तार एकाएकी तुटली तर या संचांमुळे दाब उसळी मारील आणि नुकसान होईल, असे तिला वाटत होते. मग तेथे काय केले? भांडत बसण्याऐवजी अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत ते इन्व्हर्टर नेऊन ती उसळी मोजली. ती भीतीएवढी निघाली नाही. २०१५ मध्ये तारेची मर्यादा किमान मागणीच्या १२० टक्क्यांवरून २५० टक्क्यांवर नेली. तीच तार, तेच खांब. जागा मात्र दुप्पट झाली.

कॅलिफोर्नियातही पूर्वी ठोकळ नियमच होता: तारेच्या सर्वोच्च मागणीच्या १५ टक्क्यांपर्यंत खुशाल जोडा, त्यापुढे अभ्यास. आता तेथील मोठ्या वीज कंपन्यांना प्रत्येक तारेवर कोठे किती जागा आहे याचे नकाशे जाहीर करावे लागतात. कोणीही उघडून पाहावे. आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात जेथे तारा खरोखरच तुंबल्या, तेथे नव्या माणसाला दार लावून घेतले नाही. त्याला दोन वाटा दिल्या: कायम दीड किलोवॅट तारेत सोड, किंवा एरवी दहापर्यंत सोड आणि गर्दीच्या घटकेला आम्ही सांगू तेवढे कमी कर. वर्षातल्या थोड्या तासांच्या गर्दीसाठी माणसाला वर्षभर बाहेर उभे करायचे नाही, हा साधा विचार त्यामागे आहे.

माझ्या या म्हणण्यावर दोन्ही बाजूंनी हल्ला होईल हे मला ठाऊक आहे. एक पक्ष म्हणेल, "मास्तर, विजेशी खेळ नको. उद्या डीपी जळाली तर अंधारात कोण बसेल?" हा आक्षेप मी आदराने ऐकतो. खांबावर चढणाऱ्या माणसाचा जीव मला काकूंच्या बिलापेक्षा मोलाचा आहे. म्हणूनच तर मोजा असे मी म्हणतो! न मोजता दिलेला नकार डीपीला वाचवीत नाही. आमच्या गल्लीत नकार दिला गेला त्याच दिवशी एक फेज ८३ वर होती आणि तिच्याकडे कोणाचेही लक्ष नव्हते. घबराट आणि सावधगिरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सावधगिरीच्या हातात टाँग टेस्टर असतो.

दुसरा पक्ष म्हणेल, "जागाबिगा काही नाही, ही सारी वीज कंपनीची सबब आहे. सगळ्यांना जोडा, पैसा टाकून मोठ्या डीपी बसवा." हाही उत्साह मला पूर्ण मानवत नाही. मोठी डीपी आकाशातून पडत नाही. तिचा पैसा अखेर सगळ्यांच्या वीजदरात वाटला जातो, आणि त्यांत ज्याच्या डोक्यावर छप्परच भाड्याचे आहे तो भाडेकरूही येतो. बंगल्यावरच्या दहा किलोवॅटसाठी चाळीतल्या माणसाने वर्गणी द्यायची, हा कुठला धर्म? आधी आहे ती तार नीट वाटून घ्या. तीन फेज सारखे भरा. नव्या इन्व्हर्टरांना दाब चढू लागला की एकदम सुटण्याऐवजी हळूहळू हात आखडता घेता येतो. ती सोय चालू करा. गिरण्या, पाण्याच्या मोटारी, कपड्यांची यंत्रे दुपारी चालतील असे पाहा. एवढे करून जागा उरली नाही तर मग मोठी डीपी जरूर आणा; तेव्हा तिचा खर्च आम्ही कुरकुर न करता देऊ.

परंतु माझा खरा मुद्दा याच्याही पलीकडचा आहे. समजा मोजले, फेज सारखे केले, सर्व उपाय झाले, आणि तरीही जागा मर्यादितच निघाली. मग ती कुणाची? आज ती जो आधी येईल त्याची. आणि आधी कोण येतो? ज्याच्याजवळ रोख पैसा असतो, ज्याला फॉर्म भरता येतो, ज्याचा भाचा त्या धंद्यात असतो तो. भिशी लागेपर्यंत थांबणारी बाई नेहमीच पंधरावी येणार. तार सगळ्यांच्या पैशाने उभी राहिली. खांबाचे, तारेचे, डीपीचे पैसे काकूंनी तीस वर्षे बिलातून भरले, आणि बहुधा माझ्याहून अधिकच. मग त्या तारेवर त्यांचा वाटा नाही असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला महाराष्ट्राला परदेशी जाण्याची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचा दंडक असा की, पाणी जमिनीच्या मापाने मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या मापाने मिळेल. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क. आणि सगळ्यांचे पाणी एकट्याने पिऊन टाकणारा ऊस लावायचा नाही. एका इंजिनियरने कोरड्या माळावर हे करून दाखवले. पाण्याला जो न्याय लागू पडला तो विजेच्या तारेला का लागू पडू नये? सत्तर किलोवॅट आणि साठ घरे: घरटी एक किलोवॅट राखून ठेवा, तरी दहा शिल्लक राहतात. एका किलोवॅटच्या प्लेटा दिवसाला साधारण चार युनिट वीज देतात. महिन्याला १२० झाली. बेताच्या संसाराला ती पुरते. राखून ठेवलेली जागा कोणी वापरीत नसेल तोवर शेजाऱ्याने खुशाल वापरावी. पण मूळ मालक आला की त्याने सरकून बसावे. पंगतीत आपण एवढे करतोच.

येथे मला माझाही कबुलीजबाब दिला पाहिजे. माझ्या घराला दोन किलोवॅट पुरले असते. तिसरा मी घेतला तो त्यामागे मिळणाऱ्या १८,००० रुपयांच्या मोहाने. माझ्या त्या तिसऱ्या किलोवॅटने काकूंची निम्मी जागा खाल्ली. हे ध्यानात आल्यावर मला गिरणीत जायची लाज वाटू लागली, आणि मी वीज कार्यालयाला रीतसर पत्र लिहिले की, माझ्या मंजुरीतला एक किलोवॅट कमी करून तो या बाईंच्या नावे लावावा. उत्तर आले. हे पूर्वी मिळालेले सारे अनुभव लक्षात घेता त्याचेच मला कौतुक वाटले. त्यात एवढेच होते की, अशा हस्तांतरणासाठी विहित नमुना उपलब्ध नाही.

नमुना नसेल तर तो छापावा. आणि तो छापताना आणखी थोडे करावे, अशी माझी जाहीर मागणी आहे. प्रत्येक डीपीवर धोक्याच्या कवटीशेजारी एक पाटी लावा: या डीपीची क्षमता किती, तिच्यावर घरे किती, छपरांवर संच किती, दुपारची किमान मागणी किती, आणि शेपटाच्या घराचा दाब किती. हे आकडे आकाशातून आणायचे नाहीत. जे नवे मीटर घरोघरी बसताहेत ते दर अर्ध्या तासाला नोंद ठेवू शकतात. त्या मीटरांवर लोकांचा राग आहे, तो वाद वेगळा. पण बसवलेच असतील तर ते केवळ बिलासाठी नसावेत. ज्याला नकार द्यायचा त्याला तो लेखी द्या आणि नकाराखाली मोजलेला आकडा, मोजण्याची तारीख आणि मोजणाऱ्याची सही असू द्या. मी वर्गात मुलाच्या गणितावर फुली मारतो तेव्हा चूक कुठे झाली हे समासात लिहितो. वीज कार्यालयाकडून याहून अधिक काही मागत नाही.

वाचकहो, ही दिवाळी तुम्हाला सुखाची जावो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री गच्चीवर दिव्यांच्या माळा लावाल तेव्हा छपरावरच्या प्लेटा झोपलेल्या असतील आणि त्या माळांची वीज त्याच सामाईक तारेतून येत असेल, एवढे मनात असू द्या. आणि सण आटोपला की आपापल्या कार्यालयात जाऊन एकच प्रश्न विचारा: आमच्या डीपीवर जागा किती, आणि ती कोणी मोजली? एकाने विचारला तर त्याला खुळ्यात काढतील. शंभरांनी विचारला तर पडद्यावर रकाना निघेल.

परवा मी भाजणीचा डबा घेऊन गेलो होतो. काकूंनी दळण घेतले, पट्टा चढवला आणि घड्याळाकडे पाहून म्हणाल्या, "अकरा वाजले. मास्तर, आता दुपारी तुमचं यंत्र बंद पडायचं नाही हो." त्यांच्या मागच्या छपरावर दोन किलोवॅटच्या प्लेटा उन्हात तळपत होत्या. त्यांचा मीटर अजून आलेला नाही.